अ‍ॅनोडवरचा थर

“तू चहाचं बघ. बोलायला वैभव आहे.” माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक, सर, सगळ्यांसमोर म्हणाले.

अमरावती. आमच्या रसायनशास्त्र विभागातलं चर्चासत्र. बाहेरून आलेले दोन प्राध्यापक पुढच्या खुर्च्यांवर. पडद्यावर ग्राफ. माझा. तीन वर्षं मी सिलिकॉन जोडलेल्या सेंद्रिय संयुगांचं विजेनं ऑक्सिडीकरण करत होते. मिथेनॉलच्या द्रावणात कार्बनच्या दोन कांड्या, अ‍ॅनोड आणि कॅथोड, बुडवायच्या, वीज सोडायची, आकडे लिहायचे. ज्या रेणूला सिलिकॉन जोडलेला असतो तो कमी व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतो. मग सिलिकॉन सुटतो, त्याच्या जागी दुसरा गट बसतो. पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं मी.

आणि वैभव, सरांच्या मित्राचा मुलगा, ‘आम्ही केलं’ म्हणून सांगत होता.

मी बाळापूरकडची. बौद्धपुऱ्यातली. घरातली पहिली एम.एस्सी. सरांना हे कळलं त्या दिवसापासून अख्ख्या लॅबची काचभांडी माझ्याकडे. कोणी आलं की म्हणायचे, “धुण्यात हिचा हात कोणी धरणार नाही. रक्तातच असतं ते.” सगळे हसायचे. मीही हसायचे. ते माझं हसणं आजही मला सहन होत नाही.

त्या दिवशी एका पाहुण्यानं विचारलं, अर्ध्या तासानं करंट एकदम का पडतो? वैभव पडद्याकडे बघत राहिला. सर म्हणाले, कनेक्शन सैल असेल.

साफ खोटं. मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. तोंडातून घरचीच भाषा निघाली.

“कनेक्शन सैल नाही. अ‍ॅनोडवर थर बसते. कांडी घासली का करंट पुन्हा चढते. रोज मीच घासली. हा ग्राफ माहा हाय.”

पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. पुढचं घ्या म्हणाला.

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कोरा कागद सरकवला. माफी लिहून दे, नाहीतर पीएच.डी.च्या अहवालावर सही नाही. माय गावात सांगत फिरायची, पोरगी डॉक्टर होऊन राहिली.

मी लिहिलं. माफी नाही. कोणता प्रयोग, कोणत्या दिवशी, किती व्होल्टला, कोणी केला. खाली माझी सही.

त्यांची सही झाली नाही. लॅबची किल्ली गेली. पेपर छापून आला, त्यात माझं नाव नाही. आता मी अकोल्यात, जठारपेठेतल्या शिकवणीवर्गात शिकवते. विद्यापीठाकडे तक्रार केली आहे. चौकशी समितीतल्या एका बाईंनी समजावलं, मागे घ्या, कुठेच उभं करणार नाहीत तुम्हाला. मायनंही विचारलं, “काहून वैर घेऊन राहिली, बाई?”

“वैर नाही, माय. माह्या कामावर माहं नाव मागून राहिली.”

तिला पटलं नाही, मला दिसलं.

सोमवारी सुनावणी आहे. सर समोर बसतील. मी जाणार. एकटी जाणार. तक्रार मागे घेणार नाही.