आत्याच्या सिनेमांचे शेवट

आमच्या घरी कुठलाही सिनेमा आधी बाबा बघायचे, मग आत्या. झाशीत नवा सिनेमा लागला की पहिल्या दोन-तीन दिवसांत ते एकटेच दुपारच्या खेळाला जात आणि परत येऊन चपला काढता काढताच निकाल देत. "जिज्जीला चालेल," किंवा "नाही चालणार," किंवा बहुतेक वेळा, "चालेल, पण मध्ये एकदा बाहेर पाठवावं लागेल." मग रविवारी बाबा, आत्या आणि मी असे तिघं टांग्याने टॉकीजवर जायचो. आई शाळेत शिकवायची, आणि सुट्टीच्या दिवशी अंधारात बसून रडायला तिला वेळ नव्हता.

आत्या बाबांची थोरली बहीण. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण बाबा तिला इथल्या पद्धतीने जिज्जी म्हणत आणि ती त्यांना भैया. टॉकीजमध्ये बाबा तिच्या शेजारी बसत. पडद्यावर म्हातारी आई खोकायला लागली किंवा दाराशी तारवाला आला, की ते वाकून म्हणत, "जिज्जी, जा बरं, मूंगफली घेऊन ये." आत्या निमूट उठायची, मला बोटाला धरायची, आणि आम्ही बाहेर फाटकाशी उभ्या राहून शेंगा निवडायचो. आतून हुंदके ऐकू यायचे. ते थांबले की आम्ही परत जायचो.

कारण आत्याचं हृदय कमजोर होतं. निदान असं सगळ्यांना माहीत होतं. ती सोळाची असताना तिचं लग्न ठरत होतं, आणि मुलाकडच्यांच्या आग्रहावरून साहेबाच्या काळातल्या एका वयस्कर डॉक्टरांना बोलावलं होतं. आजी शेजारी उभी असताना त्यांनी पदरावरूनच डाव्या बाजूला नळी लावली, भुवया चढवल्या, पुन्हा लावली. मग ते खोलीबाहेर आले आणि व्हरांड्यात आजोबांना हळू आवाजात म्हणाले, "लड़की का दिल बहुत कमज़ोर है." लग्न मोडलं. पुढे मुलींच्या शाळेत नोकरी मिळत होती, ती जिने चढावे लागतील म्हणून घेऊ दिली नाही. वाईट बातमी तर तिच्या कानावर जाऊच द्यायची नाही, असा घराचा कायदा झाला. आजोबा, म्हणजे आत्याचे अण्णा, ग्वाल्हेरला काकांकडे वारले, तेसुद्धा तिला तेरावा झाल्यावर सांगितलं.

एवढं असून आत्या हसरी होती. तिला सिनेमा जेवणापेक्षा प्रिय. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर गल्लीतल्या बायका जमायच्या आणि ती त्यांना अख्खा सिनेमा सांगायची, बाहेर काढलेल्या भागासकट. जे पाहिलं नाही ते ती स्वतः रचायची. तिच्या सिनेमात खोकणारी आई मरायची नाही. ती उठून बसायची, डॉक्टरला म्हणायची, "तुम बाहर क्या बता रहे हो, मुझे बताओ," आणि मग मुलाला चार गोष्टी सुनवायची. बायकांना हेच जास्त आवडायचं. एक पंजाबी शेजारीण तर म्हणायची, "दीदी, पैसे देके देखने से तो आपसे सुनना अच्छा."

बाबा छातीच्या रोगांचे डॉक्टर, बड्या बाजाराच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना. त्यांचं वेड वेगळंच होतं. एका हिरव्या फायलीत ते अजब केसेस जमवत. कुणाला एक बरगडी जास्त, कुणाच्या फुफ्फुसाला एक फट जास्त, कुणाच्या छातीत लहानपणी गिळलेली टाचणी तीस वर्षं सुखाने नांदलेली. परदेशी मासिकांत असले लेख यायचे, ते त्यांनी हाताने उतरवून घेतलेले होते. आपल्या नावावर असा एक तरी लेख छापून यावा, ही त्यांची आयुष्यभराची इच्छा. तसली केस गवसावी म्हणून ते ललितपूर, ओरछा, कुठं कुठं जाऊन आले. आत्याची मात्र फक्त नाडी बघत. थोरल्या बहिणीच्या छातीला नळी लावायची, हे त्यांच्या मनातसुद्धा कधी आलं नाही. आमच्याकडे ती रीतच नव्हती. आणि घरच्या माणसाचं निदान तर आधीच झालेलं होतं ना! एकदा दवाखान्यातल्या नर्सने तिचा कार्डिओग्राम काढला, तो इतका उलटसुलट आला की 'बघा, म्हटलं नव्हतं?' म्हणून सगळ्यांनी मान हलवली.

मी पुढे सिनेमावरच संशोधन करायला दुसऱ्या शहरात गेले. स्वातंत्र्यानंतरच्या हिंदी सिनेमातला डॉक्टर हा माझा विषय. तो खोलीतून बाहेर येतो, चष्मा काढतो, मुलाला किंवा नवऱ्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगतो. पेशंट आत पडलेला, आणि जे चाललंय ते त्याच्याच जिवाबद्दल, पण त्याला कुणी विचारत नाही. मी लिहिलं होतं की साहेब गेला, पण दुसऱ्याच्या भल्याचं त्याच्या पाठीमागे ठरवायची त्याची सवय इथेच राहिली, आणि सिनेमाने तिला पांढरा कोट घातला. मला हे फार मोठं वाटत होतं. सेमिनारमध्ये मी अपवाद म्हणून एक प्रसंग सांगितला, ज्यात आजारी आई उठून बसते आणि डॉक्टरला जाब विचारते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, "हा प्रसंग तुम्ही कुठे पाहिलात? त्या सिनेमात आई मरते." मी पाहिला नव्हता. मी तेव्हा फाटकाशी शेंगा खात होते. सगळा वर्ग हसला, आणि मी आत्यावर इतकी चिडले की तीन आठवडे घरी पत्र टाकलं नाही.

ते न टाकल्याचा पस्तावा अजून आहे, कारण त्याच दिवसांत आत्या आजारी पडली. भजी खाल्ली की डाव्या बाजूला बरगडीखाली कळ येणं तिला नवं नव्हतं. घरात त्याला 'हृदयाचं दुखणं' म्हणत आणि तिला निजवून ठेवत. या वेळी ताप आला, डोळे पिवळे झाले. बाबांचे एक सर्जन मित्र म्हणाले, आधी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढू. तार मिळाली तशी मी निघाले; एक्स-रे झाला तो मी पोचायच्या आधी.

एक्स-रे काढणारा प्लेट घेऊन हात जोडतच बाहेर आला. "डॉक्टर साब, माफ़ करना, प्लेट उल्टी लग गई. दोबारा लेते हैं." दुसरीही तशीच निघाली. तिसऱ्या वेळी बाबा स्वतः आत जाऊन उभे राहिले. डावी बाजू ओळखू यावी म्हणून ठेवतात ती शिशाची खूण बरोबर जागेवर होती. उलटी प्लेट नव्हती, आत्या होती. हृदय उजवीकडे, जठर उजवीकडे, यकृत डावीकडे, आणि डावीकडेच पित्ताशयात खडे. चाळीस वर्षं जे हृदयाचं दुखणं म्हणून निजवून ठेवलं ते खड्यांचं होतं. त्या वयस्कर डॉक्टरांना ठोके क्षीण ऐकू आले, कारण त्यांनी नळी जिथे लावली तिथे हृदयच नव्हतं. जिथे होतं तिथे ते ठणठणीत होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी त्या दिवशी बाबांच्या चेहऱ्यावर पाहिलं. ज्या केससाठी ते गावोगाव हिंडले ती त्यांना रोज सकाळी चहा करून देत होती.

आता हे तिला सांगायचं कसं? ऑपरेशनआधी सांगणं भाग होतं. पण लग्न गेलं, नोकरी गेली, बापाचं शेवटचं दर्शन गेलं, आणि हे सगळं उगाच गेलं, हे ऐकून या बाईचं काय होईल? बाबांना खरी भीती ती होती. मी वॉर्डात पोचले तेव्हा ते दाराबाहेर उभे होते. त्यांनी चष्मा काढला, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सुरू केलं, "बेटा, बात ऐसी है कि..." माझं डोकंच फिरलं. "बाबा, मी या प्रसंगावर दोनशे पानं लिहिली आहेत. मला सांगू नका. आत जाऊन तिला सांगा."

ते आत गेले. खाटेच्या काठावर बसून त्यांनी सरळ सांगितलं. आत्याने ऐकलं आणि उजवा हात पदराखालून उजव्याच बाजूला ठेवला.

"इथेच ना? मग ते मला माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"लहानपणापासून. इथेच धडधडतं. मला वाटायचं सगळ्यांचं इथेच असतं. सिनेमातल्या बाया दुसरीकडे हात ठेवतात, तर मला वाटायचं पडद्यावर आरशासारखं उलटं दिसत असेल."

"जिज्जी, मग कधी बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं, भैया?" तिने पदराखालचा हात काढला. मग म्हणाली, "म्हणजे अण्णांना भेटायला मी जाऊ शकले असते."

मी तिचा हात धरला आणि दोघी रडलो. एवढ्या वर्षांत तिला मनसोक्त रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि तिला काहीसुद्धा झालं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. सर्जन नेहमीच्या उलट बाजूला उभे राहिले आणि नंतर आठवडाभर सगळ्यांना तेच सांगत फिरले. आत्या घरी आली, पण आठ दिवस बाबांशी बोलली नाही. समोर बसलेले असले तरी मला म्हणायची, "भैयाला सांग, चहा झालाय." बाबा तो चहा खाली मान घालून पीत. नवव्या दिवशी तिने स्वतःच विषय काढला. "तुला ते लिहायचंय ना मासिकात? लिही. पण दोन गोष्टी. एक, त्यात घाल की पेशंटला आधीपासून माहीत होतं. दुसरी, मला माझे सगळे सिनेमे शेवटापर्यंत दाखव."

बाबांनी ते वाक्य घातलं. लेख छापून आला, खाली त्यांचं नावही आलं, पण ते एक वाक्य संपादकांनी काढून टाकलं होतं. बाबांनी लेख हिरव्या फायलीत ठेवला आणि त्याबद्दल कुणाला पेढे वाटले नाहीत. वाक्य मी माझ्या प्रबंधात घातलं, पहिल्याच पानावर.

सिनेमांसाठी इलाइट चौराह्यावरून भाड्याने व्हीसीआर आणला. पहिल्यांदा तोच लावला, ज्याच्यापायी माझं सेमिनारमध्ये हसं झालं होतं. दुपार होती, पडदे ओढले होते, आत्या मध्ये, तिच्या एका बाजूला बाबा, एका बाजूला मी. आई खोकायला लागली. बाबा सवयीने वाकले, "जिज्जी, जा..." आणि तसेच मागे टेकले. पडद्यावरची आई मेली. आत्याने कोरड्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाली, "इतकंच होय? माझा शेवट बरा होता."

मग पडद्यावरचा डॉक्टर खोलीबाहेर आला आणि त्याने चष्मा काढला. आत्याच्या पलीकडून कसलासा आवाज आला. बाबा रडत होते, लहान मुलासारखे, खांदे हलवून. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, पदराने त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "भैया, जा बरं, मूंगफली घेऊन ये."

बाबा निमूट उठले, चपला घातल्या आणि खंडेराव गेटकडे गेले. ते परत येईपर्यंत आत्याने सिनेमा थांबवून ठेवला.