पहिल्या सुईपर्यंत चहा बंद

नवस बोलताना तोंड आवरावं, हे मला उशिरा कळलं. माझी लेक पल्लवी नर्सिंगला लागली, पण सुई धरली की पोरीचा हात थरथरे. मी घरच्या देवीपुढे बोलून बसले, "हिच्या हातून जिवंत माणसाला पहिली सुई नीट लागेपर्यंत माझा चहा बंद!" वाटलं, आठवड्याभराचा प्रश्न. वॉर्डात शिकवायची थोर पद्धत मला कुठे ठाऊक होती? ती रोज रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून किस्से आणायची, मी नंदनवनात घरी बिनचहाची ऐकायची. असे साचले!

*

मॅडम एक, पेशंट एक आणि भोवती अख्खा वर्ग. एक काका झोपेतून उठले, तर चहूकडे पांढरे कपडे!

"काहून वं पोरीहो, गेलो काय मी?"

"नाही काका, पोरी नाडी पाहून राहिल्या."

"इतक्या जणी? मंग पक्काच गेलो!"

पल्लवी शेवटच्या रांगेत. त्या दिवशी तिचा मैत्रिणीच्या वेणीचा सखोल अभ्यास झाला.

*

मग सुई टोचायच्या सरावाचा पुतळा. त्याच्या हाताला इतक्या बॅचेसनी टोचलेलं, की सुई आपोआप आत जाते. पल्लवीला पैकीच्या पैकी! मी लगेच चहाचं आधण ठेवलं.

आमचे हे म्हणाले, "तू देवीले 'जिवंत माणूस' म्हटलं होतं. आता भोग!"

गॅस बंद केला.

*

शेवटी नवी पद्धत आली. वॉर्डातल्या सिस्टरनीच दोन-दोन मुली हाताखाली घेऊन शिकवायचं. उद्घाटनाला बॅनर, दिवा, भाषणं. शिकवणाऱ्या सगळ्या सिस्टर टाळ्या वाजवायला हॉलमध्ये, आणि वॉर्ड सांभाळायला मुली! पद्धतीची सुरुवात अशी झोकात झाली.

*

पल्लवी वानखेडे सिस्टरकडे. पहिलीच पेशंट एक म्हातारी काकू. आता पुतळ्याचा हात खांद्यात फिरवून, दाबून बसवावा लागतो. नाही तर तो टोचताना निखळून हातात येतो. सवयीनं पल्लवीनं काकूंचा हात धरला, फिरवला, दाबला.

काकू म्हणाल्या, "निंगत नाही वं बाई, पक्का हाये!"

वॉर्ड हसला. पल्लवी सुई न टोचताच रडत घरी. "आई, मी सोडते कोर्स." आता देवीला काय सांगू?

*

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच काकू. पुन्हा तोच थरथरता हात. सिस्टर मागे उभ्या. काकूंनी स्वतःच बाही वर केली.

"टोच वं माय. नाही जमलं तर दुसरा हात हायेच. तोही पक्का हाये."

संध्याकाळी पल्लवी आली. चप्पल काढली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

तेव्हा एक करा. कुठल्याही वॉर्डात एखादी पोरगी थरथरत्या हातानं सुई घेऊन आली, तर तुम्हीही बाही वर करा. घरी कुणाच्या तरी आईचा चहा बंद असतो.