खिळेमामाचा कान

खिळेमामा कुणाचाच सख्खा मामा नव्हता. पण चाळीस वर्षं घोड्यांच्या खुरांना नाल ठोकत आलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? स्वभाव तिरसट, जीभ त्याहून तिरसट. घोड्याच्या मालकाला तो सरळ तोंडावर म्हणायचा, "जनावराला अक्कल आहे, तुझंच काय ते बघ." तरी लोक त्याच्याकडेच यायचे. मामाचा नाल महिनाभर हलत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ठाऊक नव्हतं ते एवढंच, की गेल्या दीड वर्षापासून मामाला धड दिसत नव्हतं. समोरचा माणूस दिसे, त्याच्या शर्टाची बटणं दिसत नसत. मग खुराची कड कुठून दिसणार? पण मामा कसला हार मानतोय! तो कानानं काम करायला लागला. कठीण खुरात जाणारा खिळा टणटण बोलतो. आत जिवंत मांसाकडे वळला की त्याचा आवाज बसतो. आवाज बसला की मामा खिळा उपटून पुन्हा ठोकायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या सकाळी मात्र तबेल्यात पाण्याची मोटर सुरू होती. बदाम्या आणि काळी या दोघांचे नाल बदलायचे होते आणि डोंगरात फिरायला निघालेले पाहुणे लवकर येऊन बसले होते. मोटर बंद करा, असं म्हणावं तर लोक विचारणार, का? मामानं म्हटलं नाही. त्या खडखडाटातच त्यानं दोन्ही घोड्यांना खिळे ठोकले.

चार तास सगळं ठीक चाललं. पुढे काळीवर मामाची लेक. रस्ता तिचा, धंदा तिचा. मागे एक नवराबायको, त्यांच्यामागे बदाम्यावर एक शाळामास्तरीण, आणि शेवटी आपल्या म्हाताऱ्या तट्टावर मामा. परतीच्या वाटेवर दगड लागले आणि बदाम्या एकदम लंगडायला लागला. तीन पाय नीट, पुढचा डावा टेकला न टेकला की वर.

"अगं बाई! मी जड आहे का हो?" मास्तरीण घाबरून म्हणाली.

"तुम्ही उतरा आधी," मामा म्हणाला.

लेक मागे आली. मामानं खूर मांडीवर घेतला. खूर गरम लागत होता. एकेका खिळ्यावर त्यानं हलकी हातोडी मारली. तिसऱ्या खिळ्याला बदाम्यानं असा पाय झटकला की मामा मागे बसलाच. पकडीनं तो खिळा काढून त्यानं लेकीच्या हातात दिला. "बघ गं, ओला आहे का?"

लेकीनं खिळा उन्हात धरला. शेजारी उभ्या मास्तरणीकडे एकदा बघून ती म्हणाली, "कोरडा आहे बाबा. खडा लागला असेल."

मामाची बोटं चिकट झाली होती. त्यानं ती हळूच नाकाशी नेली. रक्तच होतं. म्हणजे आपल्याला दिसत नाही, हे हिला माहीत आहे! पाहुण्यांसमोर बापाची लाज राखतेय पोरगी. मामाला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच शरम वाटली. बदाम्याचा नाल काढून, खुराला फडकं बांधून, मास्तरणीला त्यानं तट्टावर बसवलं आणि स्वतः बदाम्याचा लगाम धरून चालू लागला.

पुढे कड्याची वाट होती. रुंदी जेमतेम एका खाटेएवढी. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला काहीच नाही.

"मी पलीकडे पोचले की एकेकानं या," म्हणत लेक काळीवर निघाली.

मामानं तोंड उघडायला हवं होतं. काळीचे खिळेही त्याच मोटरीच्या आवाजात गेले होते. पण बोलायचं म्हणजे सगळंच बोलायचं. उद्या हातोडी गेली की आपण कोण? तबेल्यात खाटेवर बसलेला एक म्हातारा! नसेल लागला काळीला खिळा, एक चुकला म्हणून दुसराही चुकतो का, अशी त्यानं मनाची समजूत काढली. कान मात्र काळीच्या पावलांकडेच होते. खडकावर चार पावलं सारखी वाजत होती. मग तीन जोरात वाजली आणि एक हलकं. पुन्हा तीन, आणि एक हलकं.

"उतर!" मामा किंचाळला. "खडकाकडून उतर! मला दिसत नाही गं, आंधळ्यानं ठोकलेत ते खिळे! उतर!"

लेकीनं काही विचारलं नाही. तिनं रिकीब सोडली आणि खडकाला अंग घासत खाली आली. पुढच्याच पावलाला काळीचा पाय मुडपला, ती गुडघ्यांवर कोसळली. मोकळं खोगीर पार दरीच्या बाजूला कललं. दगड सुटले. ते खाली पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. लेक लगामाला लोंबकळली, काळी धडपडून उठली, आणि दोघी खडकाला चिकटून उभ्या राहिल्या.

मामा खडक चाचपत तिच्यापर्यंत गेला. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"वर्ष झालं. रोज तुमच्या मागून मी खूर तपासते. आज पाहुण्यांच्या घाईत राहिलं."

"मग बोलली का नाहीस, मूर्ख?"

"काम गेलं असतं तर तुम्ही जगला नसतात, बाबा."

"आणि आत्ता तू मेली असतीस ना माझ्यापायी!"

मामानं तिचे हात आपल्या हातांत घट्ट धरले. मागे पाहुणे घोड्यांवर बसून ताटकळत होते. मास्तरणीनं दबक्या आवाजात विचारलं, "आम्ही यायचं का पुढे?"

"आधी उतरा," मामा ओरडला. "सगळे उतरा. माझ्या हातच्या नालावर आता कुणीही बसायचं नाही."