नशिराबादचं भरीत आणि शपथ न घालणारी मामी

मामीचा फोन आला, "शेतात भरीत करतोय, ये व माय," आणि मी नाशिक स्टेशनवर उभ्या उभ्याच रडले. मागच्या वर्षी तिच्याच फोनवर विशालचा श्वास थांबत आल्याचं कळलं होतं.

विशाल माझा मामेभाऊ. गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, नादी लागलेला. मामीने त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, ती त्याने काही दिवस पाळलीही. मग मोडली, आणि त्या लाजेने केळीच्या बागेत एकटाच जाऊन बसला. शरीराची सवय सुटलेली, मात्रा मात्र जुनीच घेतली. शेजारच्या शेतातला असलम पाण्याची मोटर बंद करायला आला म्हणून बेशुद्ध पडलेला विशाल दिसला तरी. अशा वेळी पोलिसांच्या भीतीने लोक काढता पाय घेतात, असलमने त्याला मोटरसायकलवर घालून दवाखाना गाठला. तिथल्या इंजेक्शनने श्वास परत आला.

सकाळची गाडी पकडलीत तर दुपारच्या आत भुसावळ. स्टेशनवर विशालच घ्यायला आला. अंगाने भरलाय! "ताई, आधी माझी गोळी, मग तुझं भरीत," म्हणाला. सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात सिस्टरसमोर बसून गर्दची तलफ आवरणारी गोळी जिभेखाली विरघळू द्यायची, रोज.

"पोलीस धरत नाहीत?" मी हळूच विचारलं.

सिस्टर हसल्या. "इथे औषध घेणं गुन्हा नाही, कायद्यानेच तशी सोय केलीय. स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला खटल्यातूनही सवलत मिळू शकते. हे माहीत नव्हतं तेव्हा पोरं दारापर्यंत येऊन परत जायची."

"मग आता मरणं कमी झालं?"

"सगळ्यांचं कसं सांगू? पण इथे येतात ते एकटे पडत नाहीत, एवढं मी बघते."

तिथून शेअर रिक्षाने नशिराबाद. शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर हिरवी वांगी भाजून मिरची-लसणाबरोबर ठेचलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. असलमच्या ताटात मामी वाढतच होती. "बस्स, चाची!" तो ओरडला, तरी ती ऐकेना. मीही लाज सोडून जेवले. जायचं तर थंडीतच जा, उन्हाळ्यात त्या वांग्यांना ती चव नसते.

निघताना सवयीने तोंडातून गेलं, "विशाल, तुला माझी शपथ..."

मामीने माझा हात दाबला. "शपथ नको घालू त्याले. मोडली का मंग तो लपतो."

घरी परतले. मामीने पिशवीत भरून दिलेल्या वांग्यांचं भरीत गॅसवर केलं, ते काही जमलं नाही. एका सकाळी विशालचा फोन आला.

"ताई, काल गर्दची पुडी घेतली मी. चुकलं. असलमला सांगितलं, घरी सांगितलं. आता सिस्टरसमोर बसलोय."

लपला नाही, एवढ्यानेच मला हायसं वाटलं.

"मामी काय म्हणाली रे?"

"काही नाही. जेवला का, म्हणाली."