दहा निरोप आणि अकरावा दिवस

मढची एक मासेमारी बोट सोमवारी परतायची होती. मंगळवारी सकाळपर्यंत ती परतली नव्हती. त्या मंगळवारी साडेदहाला मी अंधेरीहून वेसाव्याच्या धक्क्यावर आलो आणि तरीने (खाडी ओलांडणारी फेरीबोट) मढला उतरलो. उतरताना पाय घसरून एक बूट चिखलाने भरला.

सोबत सुलभाताई होत्या; त्यांचं काम पाहायला मी आलो होतो. लहान मुलांच्या पालकांना घरी जाऊन मदत करणाऱ्या संस्थेत त्या काम करतात. बाप समुद्रावर असताना बाळाने त्याचा आवाज विसरू नये, म्हणून निघण्याआधी त्या त्याचे निरोप फोनवर भरून घेतात. मासेमारीची फेरी दहा दिवसांची, निरोप दहा, रोज दुपारी बारा वाजता एक. अकराव्या दिवसाचा विचार कुणी केला नव्हता.

वलांड्यांवर (मासळी वाळवायचे बांबूचे मांडव) बोंबील टांगलेले होते. एरवी या गल्लीत भांडणं ऐकू येतात, असं ताई म्हणाल्या. आज दारात बसलेल्या बायका आम्हाला पाहून गप्प झाल्या.

आम्ही मनीषाच्या घरी गेलो. तिचा नवरा हरेश त्याच बोटीवर होता. शनिवारपासून बोटीचा वायरलेस लागत नव्हता. मुलगी आठ महिन्यांची. सासूने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. माझ्या बुटाकडे पाहून म्हणाली, "हा घालून बोटीवर चढणार होतास का रे?"

बाराला ताईंनी दहावा निरोप लावायला सुचवलं. तो मनीषाने सोमवारीही लावला नव्हता.

"दहावा नको, ताई. तो लावला की त्याचं बोलणं संपलं."

तिने नववाच पुन्हा लावला. हरेशचा आवाज आला, "आलो गो बाय, दार उघड." प्रत्येक निरोप असाच सुरू होतो. मनीषाने उठून दार उघडलं. हा त्यांचा रोजचा खेळ. उंबऱ्यात कुणी नव्हतं. मुलीने फोनकडे पाहिलंच नाही. मोठ्या माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर, रिकाम्या दारात ती बघत होती. मग हसली. सासूने डोक्यावर पदर ओढून घेतला.

ताईंनी वहीत लिहिलं : बाळ आवाजाला प्रतिसाद देते.

चारच्या तरीने मी परतलो, ताई तिथेच थांबल्या. सातला अंधेरीत असताना ताईंचा फोन आला. इंजिन बंद पडलेली बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणली होती. सगळे सुखरूप होते. हरेशने घरी येऊन नेहमीची हाक दिली, मनीषाने दार उघडलं, त्याने मुलीला उचलून घेतलं. ती त्याच्या खांद्यावरून मागे, उघड्या दाराकडे बघत राहिली.

दहावा निरोप तोवर लावलेला नव्हता.