पाचातले तीन

आमच्या ऑफिसचा जिना इतका अरुंद व्हता, की वरून कोण उतरत असलं तर खालच्यानं परत रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. खाली शेठचं हार्डवेअरचं दुकान, वर आमी. शेठचे आजोबा कधी काळी राजस्थानातून नारायणगावात आले, पण शेठ माझ्यापेक्षा गावठी बोलायचा. गिऱ्हाइकानं विचारलं, वर काय चालतं हो, तर म्हणायचा, "वर दिल्ली हाये. खाली मी हाये. पाईप किती इंची पाहिजे?"

चुकीचं नव्हतं त्याचं. कंपनी दिल्लीची. तिनं एक डबा काढला व्हता. शेतातल्या मोटारीला बसवायचा, त्यात सिम टाकायचं, आन घरात बसून फोनवरनं मोटार चालू-बंद करायची. आमच्याकडं लाईट येती रात्रीची आन उसात बसलेला असतो बिबट्या, त्यामुळं डबा लई खपला. खपला म्हणजे बिघडायला पण लागला. शेतकरी दिल्लीला फोन करायचे. तिकडनं हिंदी, इकडनं शिव्या. मग कंपनीनं इथंच सेंटर काढलं. फोनवर दोघं, मी आन घाटाकडल्या मढची एक पोरगी. तिसरा एक गडी, गाडीवर फिरून डबे खोलणारा, त्याला सगळे भाऊच म्हणायचे.

मला घेतलं कसं, ते सांगतो. व्हिडिओवर मुलाखत व्हती. दिल्लीचे सर म्हणले, किसान गुस्से में हो तो क्या करोगे? मी आधी चिडलेल्या शेतकऱ्याचा आवाज काढला, मग मागनं बोलणाऱ्या त्याच्या बायकोचा, मग म्हशीचा. सर हसून हसून खुर्चीतनं घसरले. आमच्या गावच्या, लोणीच्या शाळेत याच कलेपायी मी वर्गाबाहेर उभा असायचो, आन इथं तीच कला पगारी.

ट्रेनिंगला मला आन भावाला दिल्लीला नेलं. मढच्या पोरीला घरच्यांनी सोडलं नाय. दिल्ली आपलं म्हणायचं. ती इमारत दिल्लीच्या बाहेरच व्हती, जसं चाकणचा माणूस सोयरीक जमवताना सांगतो, पोरगा पुण्यात असतो. सगळी काच. एकेका मजल्यावर दोन-दोन, तीन-तीन कंपन्या. आमच्या शेजारचा हॉल रिकामा व्हता, खुर्च्या टेबलांवर उलट्या, भिंतीवर बोर्ड काढल्याचे डिंकाचे डाग. मी विचारलं, इथले कुठं गेले? एक पोरगा कॉफी पीत म्हणला, "वो? बंद हो गई." एसटी गेली म्हणावं, तसं म्हणला.

तिथं एक शब्द सारखा कानावर यायचा, रनवे. मला वाटलं इमानं बनवत्यात का काय. सरांनी समजावलं, गुंतवणूकदारांनी दिलेले पैसे संपायला किती महिने राहिले, त्याला रनवे म्हणायचं. म्हणजे कणगीत दाणा किती उरला, येवढंच. आख्खी इमारत कणगीत हात घालून बसली व्हती, फक्त एसीत. खाली गेटवर जेवणाच्या पिशव्या घेतलेली पोरं उन्हात उभी. त्यातला एक तर त्याच इमारतीत, त्या उलट्या खुर्च्यांच्या कंपनीत कामाला व्हता म्हणे. सर पण कुठल्या तरी छोट्या गावचे. एकदा मला हळूच म्हणले, "घर पे बोल रखा है सब बढ़िया है." मी म्हणलो, सर, तेच बोलतो आमी पण.

परत आल्यावर मी ऑफिसात सगळी दिल्ली करून दाखवली. लिफ्टमधली बाई, सरांचं "हैलो टीम!", गेटवरचा वॉचमन. ती मढची पोरगी तोंडाला ओढणी लावून हसायची आन म्हणायची, "गप रे मेल्या, फोन चालूय माझा." कामात मात्र ती माझी आई. मी शेतकऱ्याला हसवून गार करणार, आन ती नुसतं ऐकून सांगणार, डबा कशानं बंद पडला. लाल दिवा कसा लुकलुकतोय ते विचारायची आन खाडकन म्हणायची, "काका, सिमचा रिचार्ज संपलाय." असायचंच.

ती नारायणगावात मावशीकडं राहायची. बापानं एकाच बोलीवर सोडलं व्हतं, ऑफिस हाय तवर ऱ्हा. ऑफिस नसलं की मढ, आन मढला गेलं की लग्न. पोरगं बघायचं तेवढं काय ते बाकी व्हतं. ती हे सगळं सांगायची ते इतकं सरळ, की मला तिची नक्कल कधी करता आली नाय.

मग दिल्लीनं तारे आणले, म्हणजे आमाला मार्क.

आमच्याशी बोलणं संपलं, की शेतकऱ्याला लगेच एका मशीनचा फोन जायचा. मशीनमधली बाई शुद्ध मराठीत म्हणायची, "आपण आमच्या सेवेने किती संतुष्ट आहात? एक ते पाचमधील अंक दाबा." सरांनी व्हिडिओवर सांगितलं, पाच म्हणजे उत्तम. सरासरी चारच्या वर पाहिजे. चारच्या खाली राहिलेली सेंटरं बंद करणार. आमी दोघं एकमेकांकडं बघून हसलो. आमचे शेतकरी आमच्यावर जीव टाकायचे. एकानं डाळिंबं पाठवली व्हती, एकीनं भावाच्या गाडीवर मेथीच्या जुड्या बांधून दिल्या व्हत्या.

पहिल्या आठवड्याचा आकडा आला. तीन.

मला वाटलं मशीन बिघडलं. पुढच्या आठवड्यात पण तीनच. दिल्लीच्या स्क्रीनवर आमचं सेंटर लाल. मग तिनं एका म्हाताऱ्याला परत फोन लावला, स्पीकरवर. त्याची मोटार आमी सकाळीच चालू करून दिली व्हती आन तो रडायच्या बेतात आला व्हता, पोरांनो, देव तुमचं भलं करो म्हणत.

"बाबा," ती म्हणली, "तुमी आमाला तीन का दिलं?"

"तीन दिलं की. चांगलं दिलं."

"पाच व्हतं ना त्यात."

"पाच कसं दिऊ बाई? नजर लागंल की."

"कुनाला?"

"तुमाला. मोटारीला. पीक चांगलं आलं तर आपन काय म्हनतो? बरं हाये. घरापुरतं हाये. मी तुला वाईट म्हनलो का? तीन म्हंजी बरं."

दुसऱ्याला लावला. तो म्हणला, "पाच दिलं आन उद्या परत डबा बंद पडला, तर मंग मी काय तोंडानं बोलू?" एक गुरुजी निघाले, निवृत्त. ते म्हणले, "मी आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. पोरं फुगतात." आन एक आजी म्हणली, "माज्या सुनंला इचार, तिला कदी तीनाच्या वर दिलंय का. पर तिच्याबिगर माजं चालतंय का?"

राव, भांडायचं तरी कशावरनं? कारण खोटं कायच नव्हतं. माझ्या बापाला कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर तो म्हणतो, हाय आपला, चाललंय. आन हे म्हणताना छाती दोन इंच फुगलेली असती.

सरांना समजावायला गेलो. मी म्हणलो, सर, हमारे यहाँ तीन मतलब बहुत अच्छा. ते हसले. "इंटरेस्टिंग! लेकिन ऊपर वाले तो नंबर ही देखते हैं ना." ती मधीच म्हणली, "तो ऊपर वालों को बताइए." सरांनी आधी मागं दाराकडं बघितलं. मग म्हणले, "वो मुझसे नहीं पूछते." मला तेव्हा पहिल्यांदा सरांची दया आली, आन दया यावी येवढं बळ आपल्याकडं नाय हे पण कळलं.

मग आमी सांगत सुटलो. प्रत्येक फोनच्या शेवटी, काका, पाच दाबा. भावानं तर दर वस्तीवर जाऊन सांगितलं. थोडी माणसं दाबायला लागली, पण चोरून कायतरी करतोय असं तोंड करून. आकडा सव्वातीनवर आला. मी रविवारी लोणीला गेलो तेव्हा चहाच्या टपरीवर बोलून गेलो, की ऑफिस बंद व्हणार. तिचं नाव-गाव काय सांगितलं नाय. नुसतं म्हणलो, एक पोरगी हाये आमच्यात, ऑफिस गेलं तर तिचं शिकलेलं-बिकलेलं सगळं चुलीत. टपरीवरचे ऐकून घेत व्हते. एक जण म्हणला, "असं व्हय? मंग आदी सांगायचं ना भाऊ." माझं काम झालं असं वाटून मी गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं आन फोन वाजायला लागला. तिनं उचलला.

"बोला काका, काय तक्रार हाये?"

"काय नाय. तक्रार नाय. ठेव आता, मला पाच दाबायचंय."

ठेवला. परत वाजला. "हां, आमची पन तक्रार नाय. ठेव." परत. परत. मी पण उचलायला लागलो. फोनात मागनं लोणीच्या देवळाच्या कर्ण्याचा आवाज येत व्हता, ज्यांच्या मोटारीला दिल्लीचा डबा हाये त्यांनी ताबडतोब फोन घेऊन मंदिरात यावं, पोरांच्या पोटाचा प्रश्न हाये. मग मला समजलं काय चाललंय. ज्यांना मशीनची बाई समजत नव्हती, त्यांचे फोन एकच पोरगा हातात घेऊन बसला व्हता. लोणीत असंच असतं, बँकेचं असो का रेशनचं, एका शिकलेल्या पोरापुढं सगळे रांग लावतात. तो लावणार, ठेवणार, पाच दाबणार, पुढचा.

आमी इतकं हसलो. शेठ वर आला, काय झालं बघायला. मी त्याला कर्ण्यावरच्या माणसाची, त्या पोराची आन मशीनमधल्या बाईची नक्कल एकत्र करून दाखवली. तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. शेठनं खालून भेळ मागवली. संध्याकाळी स्क्रीनवर आमचं सेंटर हिरवं. पहिल्यांदा. तिनं त्याचा फोटो काढून मावशीला पाठवला.

सकाळी सरांचा व्हिडिओ आला. हैलो टीम नाय, काय नाय.

"ये क्या किया तुम लोगों ने?"

सगळे फोन एकाच टॉवरखालचे. सगळे काही सेकंदांचे. सगळ्यांनी पाच. दिल्लीच्या कॉम्प्युटरनं आपोआप शिक्का मारला व्हता, बनावट. ते पाच तर उडवलेच, वर आमच्या सेंटरच्या नावापुढं फसवणूक लिहून आलं. मी सांगितलं, कर्णा सांगितला, देऊळ सांगितलं. खरे शेतकरी हायेत सर, एकेकाच्या शेतात नेऊन उभा करतो. सर ऐकत व्हते, डोळे दुसऱ्याच स्क्रीनवर. शेवटी म्हणले, "मुझे पता है. सिस्टम को नहीं पता."

ती येवढंच म्हणली, "सर, सिस्टम को फोन लगा दीजिए, मैं समझा देती हूँ." कोण हसलं नाय.

सेंटर बंद झालं. कुणी भांडायला पण मिळालं नाय. एक मेल आला, मग एक टेम्पो आला, कॉम्प्युटर गेले. सरांना मी नंतर एकदा फोन केला, तो नंबर बंद व्हता. शेठनं खोलीत पाईप भरले. लोणीचे लोक भेटले की विचारायचे, "काय मंग, वाचलं का ऑफिस?" मी म्हणायचो, हां, बरं चाललंय. त्यांना काय सांगू? जन्मात पहिल्यांदा कुणाला पैकीच्या पैकी दिले त्यांनी.

मी आता मंचरला मोबाईलच्या दुकानात काचा बदलतो. ती मढला गेली. फोन करायचं कारण ना तिच्याकडं, ना माझ्याकडं.

उन्हाळ्यात एका सकाळी फोन आला. तिचा बाप.

"तुमीच ना ते नारानगावच्या ऑफिसातलं? लेकीच्या मोबाईलमधनं नंबर घेतला. मोटार चालू व्हईना. त्या दिल्लीच्या नंबरावर मशीन नुसतं हिंदीत बटनं दाबाय सांगतंय. टाकीत थेंब नाय, आन पावणं येनार हायेत."

"कोण पावणं?"

"पोरीला बगायला."

मी दुकानातनं बाहेर आलो.

"काका, तिलाच विचारा की. माझ्यापेक्षा जास्त कळतं तिला."

"ती आवरतीये. आन आज तिला कुटं चिखलात घालू? तुमी सांगा."

तेवढ्यात मागनं, घराच्या आतनं, तिचा आवाज आला. "आप्पा, दिवा थांबून थांबून लागतोय का? धरणाचं पानी मागं सरलंय, पाईपाचं तोंड उघडं पडलंय. दादाला पाईप पुढं सरकवाय सांगा, मंग डब्याचं बटन दाबून धरा."

"तू गप गं," बाप म्हणला. "मी त्यांना इचारतोय ना." मग मला, "हां, बोला साहेब."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आन मग सांगितलं. दिवा थांबून थांबून लागतोय का, धरणाचं पाणी मागं सरलंय, पाईप पुढं सरकवा, मग बटन दाबून धरा. तिचंच सगळं, तिच्याच क्रमानं, माझ्या आवाजात.

"हां, असं सांगा की," बाप म्हणला. त्यानं पोराला हाक मारली, खाली धरणाकडं पिटाळलं. फोन चालूच ठेवून खिशात टाकला. कापड घासल्याचा आवाज येत राहिला, मग लांबनं कुणी तरी ओरडलं, मग खटका, आन मोटार घुमायला लागली. टाकीत पाणी पडल्याचं पण ऐकू आलं.

"पानी आलं गं," बाप घरात ओरडला. "आवरा लवकर, गाडी घाट चढली आसंल."

आतनं काय उत्तर आलं का, ते ऐकायला मी थोडा वेळ फोन कानाला धरून ठेवला. मग दुकानदारानं हाक मारली, गिऱ्हाईक आलंय म्हणून, तेव्हा कट केला.