चार बोटांची चीर

माझ्या वडिलांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेचे नव्हेत, शिलाईचे. चाळीस वर्षांत त्यांनी जितके कोट शिवले त्याहून जास्त दुरुस्त केले. दुकान म्हणजे एकच खोली: कापायचं टेबल, दोन मशीनं, सात किलोची इस्त्री आणि कुणी न्यायलाच न आलेल्या कपड्यांचं एक कपाट. गर्व त्यांना एकाच गोष्टीचा होता, पण तो भरपूर होता. कोटाच्या आत काहीही बिघडलेलं असो, ते बाहीच्या अस्तरात चार बोटं उसवायचे आणि अख्खा कोट तेवढ्यातून उलटा करून काम उरकायचे. पलीकडच्या गल्लीतला शिंपी सरळ पाठीची शिवण उघडायचा. त्याचा विषय निघाला की मास्तरांचं नाक वर.

मग इस्त्री उचलताना त्यांना अंधारी यायला लागली. दोनदा त्यांनी ते लपवलं, तिसऱ्यांदा टेबलावरच कोसळले. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप कडक होऊन जेमतेम उघडत होती. बदलायलाच हवी होती.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर छाती काढली आणि तीन वाटा दाखवल्या. पहिली जांघेतून, नळीने. पण मास्तरांची झडप जन्मतःच वेगळ्या घडणीची होती आणि वय साठीच्या आतलं, म्हणून ती वाट बाईंनी स्वतःच खोडली. दुसरी मधून: छातीच्या हाडाचा फक्त वरचा अर्धा भाग उघडायचा. तिसरी उजव्या बाजूने, दोन बरगड्यांमधून, हाडाला हात न लावता. बाजूच्या वाटेने माणूस लवकर कामाला लागतो, पण जागा अडचणीची, हृदय जास्त वेळ थांबवून ठेवावं लागतं. मास्तरांची फुप्फुसं कापडाच्या धुळीने आधीच थकलेली. दोन्ही करता येतील, पण मला विचाराल तर मधली, असं बाई म्हणाल्या.

मास्तरांनी बाजूच्या रेघेवर बोटं ठेवून मापलं. चार बोटं भरली.

"हे काम समजणाऱ्या माणसाचं आहे," ते म्हणाले. "मधून काय, कुणीही उघडेल."

आईला ते पटलं नाही. बाई सांगतात ते करा, तिथे तुमचा कोट नाहीये, असं ती घरी येईपर्यंत म्हणत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं, कारण मास्तरांनी कुणाचं ऐकलंच तर ते माझं. मी त्यांची बाजू घेतली.

का घेतली ते आता सांगते. मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती, एका नाटक कंपनीच्या पोशाखांच्या विभागात, कापणीची. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. हाड उघडलं की दोन-अडीच महिने वजन उचलायचं नाही, म्हणजे इस्त्री नाही. दुकान माझ्या गळ्यात आलं असतं. बाजूने केलं तर तीन-चार आठवड्यांत मास्तर टेबलाशी उभे. मी बोटांवर दिवस मोजले होते. नोकरीचं पत्र मी दुकानाच्या खणात, नमुन्यांच्या कागदांखाली ठेवलं होतं आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ते बरे झाले की सांगू, असं स्वतःला समजावत होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. फुप्फुसांचा ताजा अहवाल आधीपेक्षा वाईट होता. मास्तरांना त्यांनी स्वतः पुन्हा सांगून पाहिलं होतं, त्यांनी हसण्यावारी नेलं. तुम्ही एकदा बोला, त्या म्हणाल्या, अजून वेळ आहे. मी हो म्हटलं. आत जाऊन तासभर त्यांच्या खाटेशी बसले. रुग्णालयाच्या सदऱ्याची शिवण किती भिकार आहे यावर आम्ही दोघं पोटभर हसलो. त्या विषयाचा मी शब्द काढला नाही.

बाजूने शस्त्रक्रिया चालू असताना मधेच रक्तस्राव सुरू झाला आणि तो तिथून आवरेना. छातीचं हाड अख्खं, वरून खालपर्यंत उघडावं लागलं. झडप बसली, चांगली बसली. फुप्फुसांनी मात्र परत काम धरलं नाही. मास्तर यंत्राच्या श्वासावर नऊ दिवस होते. पाचव्या दिवशी डोळे उघडून त्यांनी हात छातीच्या मध्यावर नेला, पट्टी चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. तोंडात नळी होती, त्यामुळे त्यांना काही बोलता येत नव्हतं. मी छताकडे पाहत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

ते गेल्यावर कागदांवर सह्या करायला बाईंच्या खोलीत गेले. मधून केलं असतं तरी हमी नव्हती, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्या भल्या बाई होत्या. मग म्हणाल्या, "शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, एवढा हट्ट का. ते म्हणाले, माझ्यापुरतं असतं तर मधूनच म्हटलं असतं. पण पोरीला पहिल्या तारखेला जायचंय आणि ती मला सांगणार नाही."

त्यांना वाटलं असेल, हे ऐकून मला धक्का बसेल. माझे डोळे भरून आले, पण धक्का बसला नाही. ज्या दिवशी त्यांनी बाजूच्या रेघेवर बोटं ठेवली, त्याच सकाळी खणातलं ते पत्र मला नमुन्यांच्या वर, नीट घडी घातलेलं सापडलं होतं. मी ते उचलून परत खाली सरकवलं होतं.